डावा गुडघा कोरडा

वस्तू अस्सल असून भागत नाही, ती अस्सल दिसलीही पाहिजे, असं चिरंजीवांचं तत्त्व होतं. आणि तत्त्वाच्या हाती एकदा सॅण्डपेपर आला, की त्याला आवरणं देवालाही जमत नाही!

चिरंजीव हे नाव वडिलांनी पाडलेलं. "आमचे चिरंजीव ज्याला हात लावतील त्याची माती!" असं ते चारचौघांत सांगायचे. लोक हसून सोडून द्यायचे, कारण वडील थापाडे म्हणून प्रसिद्ध होते. आपण बिबट्याला रागावलो आणि तो मान खाली घालून निघून गेला, ही त्यांची एक गोष्ट. शेडमधली लाल स्पोर्ट्स कार अस्सल असून कारखान्यानं तशा साठच काढल्या, ही दुसरी.

"एक वेळ बिबट्याचं पटेल," काका म्हणायचे, "पण गाडीचं नाही."

वडील गेले तेव्हा तिरडी उचलताना काका हळूच म्हणाले होते, "दादा खरंच गेलाय ना? का हीही थापच?" आईनं ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं, ह्यांचं एक तरी वाक्य खरं होतं एवढं कुणीतरी जाणत्यानं सांगावं.

तशी संधीही आली. एक संग्रहालय गाडी विकत घ्यायला तयार झालं. खाली वडिलांच्या नावाची पाटी लागणार होती. अट एकच होती, पारख्यानं गाडी खरी ठरवली पाहिजे. नाहीतर भंगारवाला काकांच्या ओळखीचाच होता.

"पारख्याची काय बिशाद! गाडी अशी चमकवतो की तो बघताक्षणी हात जोडेल!" चिरंजीव म्हणाले, आणि बाह्या सरसावून शेडमध्ये शिरले.

पारखी आला. किडकिडीत, उदास माणूस. जगातली प्रत्येक गाडी त्याच्या नात्यातली आणि नुकतीच वारलेली, असा चेहरा. बॅटरी लावून तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो," खालून आवाज आला. "कुठाय?"

"नंबर होता होय तो? गंजात काहीतरी खरबरीत लागत होतं. घासून सपाट केलं. हात फिरवून बघा, लोणी!"

पारख्यानं हात फिरवला. डोळे मिटले.

"सीटचं मूळ कातडं?"

"फाटकं होतं. जाळलं."

"इंजिन?"

"ते बाबांनीच मागे बदललं होतं."

"चला, एक तरी पाप तुमचं नाही."

पालथ्या बादलीवर बसलेल्या काकांनी फोन बाहेर काढला. "भंगारवाल्याला लावू का?"

"थांबा." पारखी कपडे झटकत उठला. "एक खूण उरलीय. ह्या गाडीच्या साच्यातच खोट होती. पुढच्या काचेचा डावा कोपरा कधी नीट बसायचाच नाही. पाणी आत यायचं, आणि नेमकं शेजारी बसणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर पडायचं. नक्कल करणाऱ्यांना ते बघवेना, त्यांनी कोपरा सुधारला. तेव्हा गळते ती खरी!"

"अगंबाई, माझा गुडघा!" आई किंचाळलीच. "अहो, अख्खा संसार मी त्या गुडघ्यावर टॉवेल टाकून केलाय! अजून ठणकतो मेला!"

ती तरातरा घरात गेली, टॉवेल घेऊन आली आणि गाडीत जाऊन बसली. नवऱ्याशेजारी बसायची तशीच, दाराला टेकून. काकांनी मोठ्या हौसेनं पाण्याची नळी घेतली. चिरंजीव मात्र नव्या सीटसारखे पांढरेफटक पडले.

"आई, ऐक ना जरा..."

"गप रे! तुझ्या बाबांची परीक्षा चाललीय."

पाणी सुटलं. काचेवरून पाट वाहू लागले. पारखी बॅटरी घेऊन आत वाकला.

"थेंब!" पारखी एकदम ओरडला. "डाव्या गुडघ्यावर!"

काकांनी नळी आणखी जवळ धरली. आणखी एक थेंब पडला. पारख्यानं बॅटरी वर केली. कोपरा ठणठणीत कोरडा होता. मग त्यानं बॅटरी आईच्या चेहऱ्याकडे वळवली आणि लगेच विझवली.

"हे धरता येणार नाही, बाई," तो हळूच म्हणाला.

आता मात्र चिरंजीवांना राहवेना. "कोपरा मी बुजवलाय! परवाच! आत्ता उकरतो!" म्हणून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला.

"नको!" तिघंही ओरडले.

काच आधी टक्‌ असं बोलली. मग घरी जायची वेळ झालेल्या पाहुण्यासारखी सावकाश उठली, बॉनेटवर आली आणि तिथे तिचा चुरा झाला. काकांना नळी बंद करायचं भानच नव्हतं. पाणी सगळ्यांच्याच गुडघ्यांवर पडलं, डावा-उजवा असा भेदभाव न करता!

पारख्यानं खरोखरच हात जोडले.

"गाडी खरी असेलही," तो म्हणाला. "पण आता त्याला पुरावा फक्त तुमच्या घराचा शब्द. आणि तुमच्या घराच्या शब्दाची ख्याती मी येतानाच ऐकली." एवढं बोलून तो ओल्या बुटांनी पचपच करत निघून गेला.

संध्याकाळ झाली तरी आई गाडीतच बसून होती. काकांनी बादली तिच्या दाराशी ओढली.

"वहिनी, खरंच गळायची?"

"गुडघा दाखवू, भावोजी?"

काका खाली बघत म्हणाले, "मी दादाला उगाच..." आणि मग, "मग ते बिबट्याचंही खरं असेल?"

"बिबट्याचं मला ठाऊक नाही," आई टॉवेल पिळत म्हणाली. "पण ह्यांचं एक वाक्य आज खरं झालं. तुमच्यादेखत आणि पारख्यादेखत."

दोघांनी वळून चिरंजीवांकडे पाहिलं.

चिरंजीवांनी स्क्रू-ड्रायव्हर हळूच खिशात सारला. खिसा टरकला.