तीन सीड्यांची आत्या

"पलीकडच्या गावची धवलारीन अजून मोकली हाय. आताच सांगा, न्हायतर ती दिघीला जाईल," कमळने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. त्या वेळी चांगदेव माळ्यावर होता आणि खालून त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांकडे बघत कमळ उत्तराची वाट पाहत राहिली. शेवटी वरून आवाज आला, "आपल्या भाविकाच्या हलदीला धवला आत्याच गाईल. दुसरी कोन न्हाय!"

यात अडचण एवढीच होती की आत्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो हे खरं, पण लग्न चालवते ती धवलारीण. ती धवला गाते म्हणजे नुसती गाणी म्हणत नाही, गाण्यातून हुकूम सोडते. 'मामीबाई, पुढं या' असं तिच्या तोंडून निघालं की मामीने हातातलं काम टाकून पुढे यायचं. का, कशाला, हे विचारायची पद्धत नाही. चंद्राबाई आत्या तर या खाडीकाठची नावाजलेली धवलारीण. लहान वयात विधवा होऊन भावाच्या घरी परत आली, दिवसा मिठागरात खपली, आणि आईविना पडलेल्या चांगदेवला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, जागृतीला, तिनेच वाढवलं. तिचा आवाज असा की नवरदेवाचा बापसुद्धा मांडवात विडी विझवून बसे. शेवटच्या आजारपणात ती चांगदेवचा हात धरून म्हणाली होती, "भाविकाला हलदीला मीच बसवीन हां." चांगदेव 'व्हय' म्हणाला होता. दिलेला शब्द पाळायचा कसा, हे मात्र त्याला तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचलं होतं.

माळ्यावरून आधी धूळ उतरली, मग चांगदेव, आणि त्याच्या छातीशी धरलेली ती मशीन. तीन सीड्यांचा चेंजर! चांगदेवने पहिला टेम्पो घेतला त्या वर्षी ही मशीन घरात आली, तेव्हा सगळी आळी बघायला लोटली होती. सिनेमा कोणता लागलाय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आत तीन सीड्या बसणारं गोल ताट होतं. एक सीडी संपली की ते आपोआप घर्रर्र करत फिरायचं आणि दुसरी पुढे आणायचं. ते फिरणं बघायला माणसं पोराबाळांसकट यायची, आणि फिरून झालं की टाळ्या वाजवायची. कोणी उठायचं नाही, काढायचं-घालायचं नाही, मशीनला स्वतःचंच कळतंय, याचं लोकांना केवढं अप्रूप! चांगदेवला त्या दिवसांत टेम्पोपेक्षा चेंजरमुळे जास्त रामराम मिळत.

जागृतीच्या लग्नाचं शूटिंगही तीन सीड्यांत आलं होतं. एकीत हळद, दुसरीत लग्न आणि पाठवणी, तिसरीत सासरी पोचलेली वरात आणि गृहप्रवेश. जागृतीचं सासर जवळच होतं, म्हणून आत्या तिथेही धवला गायला गेली होती. पुढे पावसाळ्यात मिठागरं बंद पडली की आत्या त्या सीड्या लावायला सांगायची आणि पडद्यावरच्या आत्याला दम भरायची, "हलू घे गो, हलू. कुठं आग लागली हाय?" चांगदेवला त्या दुपारी आठवल्या आणि धूळ पुसता पुसता त्याने डोळेही पुसून घेतले.

पण मशीन म्हातारी झाली होती. ताट फिरवणारा आतला पट्टा गळून चिकट झाला होता. तो पट्टा आता बाजारात मिळत नाही, हे चांगदेवला अलिबागेत एका दुकानदाराने सांगितलं, पेणला दुसऱ्याने. तिसऱ्याने मशीनसोबत फोटो काढून घेतला. शेवटी घरातच मेथीच्या जुडीचं रबर सापडलं आणि ते बेतात बसलं. भिंतीवरच्या नव्या टीव्हीला जुन्या तारा लावायला भोकंच नव्हती. "चित्र नको, आवाज आला म्हनजे झालं," असं म्हणून चांगदेवने डीजेवाल्या अल्पेशला गाठलं. अल्पेशने तारा आपल्या कर्ण्याच्या डब्यात खोचल्या. तोपर्यंत पलीकडच्या गावची धवलारीण दिघीची सुपारी घेऊन मोकळी झाली होती. आता आत्या नाहीतर कोणीच नाही, अशी गत झाली.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. भाविका हिरवा चुडा घालून पाटावर बसली. नवरा मुलगा निकेत आगरदांड्याचा. त्याच्या अंगाची उष्टी हळद घेऊन त्याचे चुलते टेम्पोतून निघाले होते. ते पोचेपर्यंत धवल्याची पहिली गाणी व्हावीत, असा बेत होता.

चांगदेवने तिन्ही सीड्या ताटात मांडल्या. खरं तर आज हळदीची एकच पुरी होती. पण चेंजर असताना एकच सीडी घालायची म्हणजे तीन बैलांची गाडी एका बैलावर हाकल्यासारखं, असं त्याला वाटलं. त्यातून पाहुण्यांनी ताट फिरताना बघावं अशीही थोडी हौस होती. रिमोट केव्हाच हरवला होता, बटणांवरची अक्षरं पुसली होती. सगळं एका दमात चालावं म्हणून त्याने आठवणीने एक बटण दाबलं.

"काका, हे कसलं बटन?" अल्पेशने विचारलं.

"सगल्या सीड्या वाजवायचं. मी ही मशीन वापरायचो तवा तू शेंबडा होतास."

ते बटण सगळ्या सीड्या वाजवायचंच होतं, फक्त मशीनच्या मर्जीने, कुठलंही गाणं कुठूनही.

मशीनने आधी हळदीच्या सीडीतलं मधलंच एक गाणं उचललं. कर्ण्यावरून आत्याचा आवाज खाडीपर्यंत गेला:

"हलद निवली वाटीत गो,
मामीबाई, वाटी उचला गो..."

म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कमळ गेले कितीतरी दिवस नवऱ्यावर चिडून होती, तीसुद्धा हळूच म्हणाली, "मशीन बिघडली न्हाय हो. आत्याच बसलीया जशी." चांगदेवला वाटलं, झालं, शब्द पाळला.

तेवढ्यात घर्रर्र झालं. ताट फिरलं. हौशी मंडळींनी माना उंचावून पाहिलं आणि कर्ण्यातून आत्या कडाडली:

"उठवा लेकीला पाटावरून गो,
गाडी उभी दारी,
भरा तिची ओटी गो,
रडू नका सारी..."

ही पाठवणी होती. मांडवात क्षणभर चुळबुळ झाली. पण चंद्राबाई आत्याचा हुकूम! तिच्या हयातीत त्याला कोणी 'थांब' म्हटलं नव्हतं, आता कोण म्हणणार? त्यात जागृती. ही तर तिचीच पाठवणी. ती हंबरडा फोडून उठली आणि भाविकाला मिठी मारून तिला पाटावरून उठवू लागली. तिला पाहून बाकीच्या रडल्या. कोणीतरी तांदूळ-नारळ आणून ओटी भरली.

"आत्या, अजून हलद लागली न्हाय गो मला!" भाविका जागृतीला ओरडून सांगत होती.

"बाय माझी, जावंच लागतं," जागृती हुंदक्यातून म्हणाली आणि तिने भाचीला चालवत फाटकाशी नेलं. मागून सगळा मांडव रडत निघाला. डीजेच्या पोरांनी काय वाट्टेल ते झालं तरी वाजवायचं ठरलेलं, म्हणून वाजंत्रीही सुरू केली.

चांगदेव मशीनकडे धावला. त्याने दिसेल ते बटण दाबलं. ताट पुन्हा फिरलं. आता तिसरी सीडी:

"आली गो आली नवरी दारी,
माप लवंडा पायानं,
उंबरा वलांड सुनबाई,
घर भरा धान्यानं..."

फाटकाबाहेर गेलेला मोर्चा तिथल्या तिथे वळला. उंबऱ्यावर भरलेलं माप कोणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण ठेवलं गेलं, आणि गांगरलेल्या भाविकाच्या पायाने ते लवंडलंसुद्धा. तांदूळ ओसरीवर पसरले. मग एका म्हातारीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने छाती बडवली, "अगो बायांनो! पोरगी बापाच्या घरातून सासरी गेली, नि बापाच्याच घरात सून म्हनून आली!"

असा अपशकुन कोणी ऐकला नव्हता, पाहिलाही नव्हता. आणि नेमका त्याच वेळी फाटकाशी आगरदांड्याचा टेम्पो येऊन थांबला. निकेतचे चुलते अंबाजी हातात हळदीची वाटी घेऊन उतरले. फाटकापासून दारापर्यंत रडक्या बाया, ओटी भरलेली नवरी, सांडलेलं माप हे सगळं त्यांनी एकेक करून बघितलं.

"चांगदेवराव," ते शांतपणे म्हणाले, "हलद तर माझ्या हातात हाय. तुमी नवरीला कुठं धाडून आनली?"

चांगदेव व्याह्यांना सांगणार काय? मेलेल्या आत्याने लेकीला घराबाहेर काढलं आणि परत आत घेतलं? लग्न मोडायला दुसरं कारण लागणार नव्हतं. भाविका मुकाट रडत होती, आणि आता ते रडणं खरं होतं. कमळ नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती झेलण्यापेक्षा खाडीत उडी घेणं सोपं होतं.

मशीन अजून घरघरत होती. ताट हळदीच्या सीडीपाशी आलं, अर्धवट अडकलं, आणि मेथीचं रबर तट्कन तुटलं. चांगदेवचा उरलासुरला धीर सुटला. त्याने वायर उपटली, परत खोचली आणि डोळे मिटून मशीनच्या डोक्यावर एक थाप मारली, लहानपणी आत्या त्याच्या पाठीत मारायची तशी.

थापेने अडकलेलं ताट जागेवर बसलं, पण आता ते फिरणं शक्य नव्हतं. वीज गेली तशी मशीनही आपली मर्जी विसरली. ती गुमान समोरच्या सीडीच्या अगदी आरंभापासून सुरू झाली, जिथून ती सकाळपासून एकदाही वाजली नव्हती. कर्ण्यात खरखर झाली. आत्याने पाठवणीचीच ओळ धरली, "उठवा लेकीला..." आणि मध्येच थांबली. मग तिचा बोलायचा आवाज आला.

"थांबा गो, थांबा! चुकलं माझं. आताच दुसऱ्या घरची पाठवनी करून आले, तीच तोंडात बसली. बसवा पोरीला परत पाटावर. आतापातुर जे झालं ते झालंच न्हाय असं समजा. हलदीपासून घेते."

उभ्या जन्मात आत्याने 'चुकलं माझं' म्हटलेलं चांगदेवने ऐकलं नव्हतं. जागृतीच्या हळदीला तो आचाऱ्याशी भांडत बाहेर होता, आणि नंतर सीडी लावली की आत्या हा भाग पुढे ढकलायला लावायची. त्याला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं.

हुकूम सुटला होता. जागृतीने भाविकाला पाटावर बसवलं. ओटी उतरवली, माप भरून ठेवलं, तांदूळ झाडून घेतले. जे झालं ते झालंच नव्हतं. अंबाजींनी वाटी पुढे केली, आत्याने हळदीचा धवला उचलला आणि सीडी संपेपर्यंत तो ओळीने, जसाच्या तसा गायला. ताट हललं नाही. भाविकाच्या गालाला हळद लागली तेव्हा कमळने चांगदेवच्या कपाळालाही एक बोट ओढलं. त्याचा अर्थ माफी होता की ताकीद, हे त्याने विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर अंबाजींनी चांगदेवला बाजूला घेतलं. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून चांगदेव हात जोडूनच उभा राहिला.

"तुमची धवलारीन मला दिसली न्हाय, आत बसली असंल," अंबाजी म्हणाले. "पन बाई लाखात एक. एवढ्या मांडवात माइकवर 'चुकलं माझं' म्हनाली! आमची धवलारीन दोनदा लग्न लावील पन चूक कबूल करायची न्हाय. माघात आमच्या धाकट्याची हलद हाय. ही सुपारी तिला द्या. मोकली हाय ना?"

त्यांनी सुपारी आणि विड्याची पानं चांगदेवच्या हातात ठेवली. चांगदेवने खरं सांगायला तोंड उघडलं. आत, कोपऱ्यात, मशीनचा तांबडा दिवा अजून लुकलुकत होता.

"मोकली हाय," तो म्हणाला. "आता ती कुठं जात न्हाय."