सावंताच्या तळ्यातली गर्दी

सावंत रोज सकाळी तळ्याच्या काठावर उभा राहतो आणि झाडाला टांगलेली घंटा दोनदा वाजवतो. मासे गोळा होतात. मग हा कुरमुरे टाकत ओरडतो, "पुढे सरका, पुढे सरका. दारात थांबू नका. बारक्यांना जागा द्या." जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. बस सुटली, सवय सुटली नाही.

मुलुंडला आमच्या चाळीला लागून त्याचं घर आणि मागे सासऱ्याने बांधलेलं तळं, दोन खोल्यांएवढं. बायको होती तोवर दर रविवारी ती जाळी घालून कालवणापुरते तिलापिया काढायची. ती गेली आणि सावंताने जाळी माळ्यावर टाकली. मासे खाणंही सोडलं. मालवणी माणूस, आणि डाळभातावर राहतो. कुणी घरी बोलावलं की म्हणतो, "तळ्याकडे कोण बघणार?" जसं तळं कुठे पळून जाणार आहे.

मी मूळची वर्सोव्याची कोळीण. चौथी शिकले आणि मग आयुष्यभर मासे विकले. तिलापिया मला माहीत आहे. काढत राहिलं नाही तर उंदरासारखा वाढतो. मग त्यांनाच खायला पुरत नाही. डोकं मोठं, अंग काडी.

गेल्या उन्हाळ्यात सावंत मला हौसेने तळ्यावर घेऊन गेला.

"बघ पारूबाय, आता घंटेची पण वाट बघत नाहीत. उजाडलं की वर येऊन बसतात. माझ्यासाठी."

सगळं तळं तोंडं उघडून वर आलं होतं.

"तुझ्यासाठी नाही रे बाबा. श्वास कोंडलाय त्यांचा. काढले नाहीस तर आठवड्यात उलटे तरंगतील."

त्याने मुठीतले कुरमुरे परत पिशवीत टाकले. म्हणाला, "ता माका जमूचा नाय गो. तिने सोडलेले आहेत."

"तिने खायला सोडले होते. पूजेला नाही."

शेवटी मीच घरून पाग, म्हणजे माझं फेकायचं जाळं, आणून फेकला. हा पाठ फिरवून उभा. "धक्काबुक्की नको. शिस्तीत उतरव," म्हणे. अर्ध्याहून जास्त मासे काढले. मी म्हटलं, बाजारात नेते. तर म्हणाला, विकायचे नाहीत. घरातले सगळे स्टीलचे डबे काढले, भरले आणि चाळीत वाटत सुटला. बायको गेल्यापासून त्याने यातला एक उंबरा ओलांडला नव्हता.

आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत जात नाही. हे तो विसरला असावा. संध्याकाळी सगळे डबे त्याच्या ओट्यावर हजर. कुणाचं कालवण, कुणाचं तिखलं, कुणी रव्यात कुरकुरीत तळलेले. देसायांची सून तर पुढच्या रविवारसाठी स्वतःचा डबा आगाऊ ठेवून गेली.

थोड्या वेळाने माझी कडी वाजली. दारात सावंत, दोन्ही हातांत डबे.

"पारूबाय, भात लाव. माझ्याकडचा टोप एकट्यापुरता आहे."

मी मोठा टोप खाली काढला.