सहावरची दाढी

अभिनंदन मगदूमने बनवलेल्या रेझरने राजारामपुरीतल्या गिऱ्हाइकांचे गाल कापायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं लग्न जवळजवळ ठरत आलं होतं.

बरी चाललेली नोकरी सोडून पोरगा उद्यमनगरात बापाच्या लेथवर दाढीचं मशीन बनवत बसलाय, हे मुलीकडच्यांच्या गळी उतरवणं आधीच अवघड होतं. प्राचीला तो पसंत होता आणि त्याला तर प्राचीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. अडून बसले होते ते तिचे वडील, कळंब्याचे आण्णा. त्यांचा उभा जन्म विमा कंपनीत गेलेला. गल्लीच्या कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा ते हेल्मेट घालत.

"नवीन माल आला की एक मशीन पाठवा. मी स्वतः वापरून बघणार," आण्णा म्हणाले होते. "मग रविवारी येऊन काय ते सांगतो."

"बघा की. फक्त सुरुवात एकवरनं करा," अभिनंदनने बजावलं होतं.

त्याची सगळी करामत मुठीवरच्या कड्यात होती. कड्यावर एक ते सहा आकडे. कडं फिरवलं की पातं कमीजास्त उघडं पडायचं. एकवर अगदी हलका हात, सहावर राठ खुंटांचा बंदोबस्त. हे कडं जमेपर्यंत अभिनंदनने स्वतःच्या हनुवटीची पार चाळण करून घेतली होती.

आणि आता दुकानदार सयाजीचा फोन आला. "ओ मगदूम, गिऱ्हाइकं मारायला उठल्यात मला! मांजरानं वरबाडल्यागत गाल झाल्यात एकेकाचे."

"कितीवर ठेवलं होतं त्यांनी?"

"सहावर."

"सगळ्यांनी?"

"मग? सहा दिलाय म्हंजे माणूस सहावरच ठेवणार की!"

अभिनंदन तडक दुकानात गेला. तिथे गणपतराव नावाचं धिप्पाड गिऱ्हाईक गालाला तुरटी लावून बसलं होतं. अभिनंदनने त्यांना पात्याचा कोन समजावला, त्वचेचे प्रकार समजावले आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, एकदा एकवर ठेवून बघा."

"का?" गणपतराव म्हणाले. "आमी काय आजारी हाय?"

घरी येऊन त्याने हे गाऱ्हाणं वडिलांपुढे मांडलं. जयपाल मगदूमांचं आयुष्य पंपाचे सुटे भाग विकण्यात गेलं होतं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईक बदलत न्हाय. आकडं बदल."

अभिनंदनच्या इंजिनिअरिंगला हे फार लागलं. पण दुसरा इलाज नव्हता. आतल्या यंत्रणेला हात न लावता त्याने नव्या कड्यांवर आकडे उलटे कोरले. आता सहावर सगळ्यात मऊ आणि एकवर सगळ्यात जहाल. माल गेला आणि सयाजीचा फोन आला. "नाद खुळा! सहावर ठेवत्यात आणि गालावरनं हात फिरवत बसत्यात सगळी."

रविवार उजाडला. जयपालरावांनी साक्षीला म्हणून सयाजी आणि गणपतरावांना आधीच बोलावून सोफ्यावर बसवलं होतं. दोघांचे गाल कसे चकाचक होते. पाहुण्यांची वाट बघता बघता आत पाणी प्यायला आलेले जयपालराव अभिनंदनला सहज म्हणाले, "आण्णांना मशीन मीच देऊन आलो बरं का."

अभिनंदनने चमकून विचारलं, "नव्या मालातलं?"

"मग काय जुनं देऊ व्याह्यांना?"

"आकडे उलटे केल्याचं सांगितलं?"

"ते कशाला सांगू? धंद्यातली गोष्ट हाय ती."

अभिनंदनने फोन लावला. पण आण्णा गाडीवर असताना फोन घेत नसत. थोड्याच वेळात ते दारात उभे राहिले आणि त्यांनी हेल्मेट काढलं. गालांवर, हनुवटीवर, नाकाखाली, जिथे म्हणून जागा होती तिथे कापसाचे बोळे चिकटवलेले होते. मागून येणाऱ्या प्राचीने अभिनंदनकडे असं पाहिलं, की त्याला त्या क्षणी पुन्हा नोकरी धरावीशी वाटली.

"आण्णा, हे काय ओ?" जयपालराव उठून उभे राहिले.

"रोज दाढी केली," आण्णा ओठ फार न हलवता म्हणाले. "वापरून बघणार म्हटलं होतं न्हवं."

"पण आमाला तर काय होत न्हाय," गणपतराव स्वतःचा गाल कुरवाळत म्हणाले. "आमी सहावर ठेवतोय. तुमी पावणं, कितीवर ठेवलंता?"

आण्णांनी गणपतरावांचे तुळतुळीत गाल पाहिले, सयाजीचे पाहिले, आणि घसा साफ केला.

"सहावरच," ते म्हणाले.

"मग तुमचा हात बसला न्हाय अजून!" सयाजी म्हणाला.

"व्हय, हातच बसला न्हाय. मशीनला नाव ठेवायला जागा न्हाय." आण्णांनी घाईघाईने विषय संपवला. "जयपालराव, आमच्याकडनं होकार समजा."

पेढे आले. प्राची हसली. अभिनंदनला वाटलं, धावत जाऊन आण्णांचे पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं. पण चारचौघांत सांगायचं म्हणजे गणपतरावांसमोर सांगायचं. तेवढी त्याची छाती नव्हती.

निघताना आण्णांनीच त्याला जिन्यात बाजूला घेतलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, कुणाला बोलू नका. खरं तर तुम्ही सांगितल्यापासनं एकवरच हाय मी. एकाच्या खालचं काय काढता येतंय का?"

अभिनंदनला हायसं वाटलं. हीच वेळ होती. तोही हळूच म्हणाला, "आण्णा, उद्या तुम्ही सहावर ठेवून बघा."

आण्णा भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकले. त्यांनी घाईने हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा आवळला आणि मगच काच वर केली.

"पोरगी दिली न्हवं तुमाला?" ते म्हणाले. "मग आता जिवावर का उठलाय?"