काचेतला कॅप्टन

ग्लेनिसला आपला नवरा दुकानाच्या काचेत टांगलेला दिसला, तेव्हा तो स्वतः घरी व्हरांड्यात झोपलेला होता. काचेत होतं ते शुभेच्छापत्र. आरामखुर्चीत डेसमंड, तोंड उघडं, मोज्यातून अंगठा बाहेर, आणि छातीवर बसून त्याच्या घशात डोकावणारा एक मॅगपाय पक्षी. खाली छापलेलं, 'निवृत्तीनंतरची धावपळ'.

चित्र तिचंच. दुपारी समुद्रावरून वारा येतो, निलगिरीची पानं सळसळतात आणि आमच्या गावाला अशी गुंगी चढते की कुत्रीसुद्धा भुंकायचं उद्यावर ढकलतात. अशा वेळी ती त्याच्याजवळ पेन्सिल घेऊन बसायची. मेलबर्नच्या एका कंपनीला तिनं ही चित्रं छापायची परवानगी दिली होती. करारात 'शुभेच्छापत्रे व तत्सम वस्तू' असं लिहिलं होतं. तिला वाटलं, विकतील तिकडे, इथं कोण बघतंय!

डेसमंडनं तीस वर्षं फेरीबोट चालवलेली. मोठा ताठ माणूस. गाव त्याला अजून कॅप्टन म्हणायचं. तो रागावला असता तरी परवडलं असतं. पण तो नुसता गप्प होईल आणि पुन्हा कधी आपल्यासमोर डोळे मिटणार नाही, हीच तिला भीती.

ती तडक दुकानात शिरली. "स्टाव्रो, ही कार्डं सगळी दे."

"सगळी? एवढी माणसं निवृत्त होतायत?"

"भावंडं खूप आहेत मला."

स्टाव्रोनं असा खप जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यानं तेच चित्र असलेले कॉफीचे मग मागवले. ग्लेनिसनं तेही उचलले. मग ॲप्रन आले, भांडी पुसायची फडकी आली. 'तत्सम' या शब्दाच्या पोटात एवढं काही मावेल, असं त्या बिचारीला वाटलं नव्हतं. बोटीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली डेसमंडच डेसमंड झोपले होते. आणि स्टाव्रोनं आता अख्खं दुकान त्याच मालानं भरलं.

"तुझ्यामुळे कळलं बाई मला, गावाला काय हवंय ते!" तो म्हणाला.

त्यात आमचा भर उन्हाळ्यातला नाताळ आला. आमच्या बाउल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या क्लबात, चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत आहे. कुणी दिली ते सांगायचं नाही. आणि गावात भेटवस्तूंचं दुकान एकच.

पहिल्या पुडक्यातून मग निघाला. दुसऱ्यातून ॲप्रन. तिसऱ्यातून पुन्हा मग. पंख्याखाली घाम पुसत, कोळंबी सोलत सगळे हसत होते. त्या वासलेल्या तोंडाची ताठ कॅप्टनशी सांगड अजून कुणीच घातली नव्हती. मग डेसमंडनं आपलं पुडकं सोडलं. फडकं! त्यानं ते टेबलावर पसरलं आणि शांतपणे चष्मा लावला. लोकांनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या सँडलकडे. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. हशा विरला.

"डेस, अरे, मी सांगणारच होते..." ग्लेनिस खुर्चीतून अर्धी उठली.

"मॅगपाय चुकलाय," डेसमंड म्हणाला. "तो छातीवर नाही बसत. गुडघ्यावर बसतो."

"तुला काय ठाऊक? तू तर झोपलेला असतोस!"

कॅप्टनचे कान लाल झाले.

"भर दुपारी कोण झोपतं गं? तीन वर्षं तोंड उघडं ठेवून पडतोय. दोनदा माशी गिळली."

"पण का रे?"

"दिवसभर तुझं हे आवर, ते आवर चाललेलं असतं. पेन्सिल घेतलीस की तेवढाच वेळ जवळ बसतेस. हललो असतो तर उठून गेली असतीस."

ग्लेनिसला एकदम रडूच आलं. डोळे पुसायला हाताशी फडकं होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वारा सुटला. डेसमंड खुर्चीत पडला, ती शेजारी बसली. आता सोंगाची गरजच नव्हती, त्यामुळे तो खरोखर झोपला. तोंड घट्ट मिटून, शहाण्या मुलासारखा. रात्रीच्या अंधारात तिला हे कधी दिसलंच नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं, आणि कंपनीला तर आणखी बारा चित्रं हवी होती.

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि तशीच बसून राहिली.