कीबोर्ड निवड समिती

वाद्यांच्या दुकानात त्या दुपारी सहा कीबोर्ड, तीन वादक, एक विक्रेता, एक वजनकाटा आणि मी, एवढं होतं. वजनकाटा आमचा. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांनी चार टेबलं वाढवण्यासाठी जुना पियानो हलवला होता. शनिवारच्या जॅझसाठी त्यांनी 'सहज उचलता येईल असा' कीबोर्ड मंजूर केला होता. तो मिळाला नाही, तर वादकांनाही हलवणार होते.

समितीत पियानोवाला माझा मामा, डबलबास वाजवणारे लांबकाका आणि ड्रमवाला ठोक्या. विज्ञानाची पदवी असल्यामुळे मोजमाप माझ्याकडे.

विक्रेत्याने बटण दाबलं. आतून ड्रम आणि बास आपोआप सुरू झाले.

"अरेंजर आहे. डाव्या हाताने कॉर्ड धरा, बाकीचा बँड हा सांभाळतो."

"हा ड्रम?" ठोक्या भडकला. "पत्र्याचा डबा बडवतोय! पुढचा दाखवा."

दुसऱ्यातला बास लांबकाकांनी डोळे मिटून ऐकला. "याच्या बोटांत जीव नाही."

"काका, त्याला बोटंच नाहीत."

"तेच म्हणतोय मी. नापास!"

प्रश्न तत्त्वाचा होता. ड्रमची परीक्षा ड्रमवाल्याने, बासची बासवाल्याने घ्यायची, असं एकमताने ठरलं होतं. आपापल्या वाद्याची अब्रू राखायची तर ढिलाई चालणार नव्हती. चार कीबोर्ड असे गारद झाले. पाचवा वजनात गेला. सहावा साडेसात किलोचा निघाला, आणि त्यातला ड्रम ठोक्याने तीनदा ऐकला.

"हा माझ्यापेक्षा बरा वाजवतो रे," तो हळूच म्हणाला, आणि इमानदारीने पैकीच्या पैकी गुण दिले. लांबकाकांनीही दिले. मामाने दोघांची पाठ थोपटली.

उपाहारगृहात व्यवस्थापकांनी कीबोर्ड ऐकला आणि विचारलं, "मग हे दोघं काय करणार?"

"साहेब, हे दोघं म्हणजे कार्यक्रमाचा प्राण," मामा म्हणाला.

"प्राण आत आहे ना? यांनीच पैकीच्या पैकी दिलेत म्हणे."

तज्ज्ञांचं मत डावलणं मामाला जमलं नाही. तिघांची कामं जाण्यापेक्षा दोघांची गेलेली बरी, असा हिशेब त्याने मनात केला असावा. कारण तो बुटांकडे बघत राहिला.

"आणि हे बटण कसलं?"

"नमुन्याचं वादन," मामा पुटपुटला. "त्यात उजवा हातही तोच वाजवतो."

"अरे वा! मग तुम्ही नुसते बसा. कोट मात्र घाला."

पहिल्या शनिवारी मामा कोट घालून कळांवरून हात फिरवत बसला, न टेकवता. दुसऱ्या शनिवारी त्याची कंबर धरली, म्हणून व्यवस्थापकांनी खुर्चीला नुसता कोट अडकवला.

लांबकाका आणि ठोक्या मात्र आशेवर होते. "लोकांना कान असतात, बाळ," लांबकाका मला म्हणाले. व्यवस्थापकांनाही ते पटलं. टाळ्या कमी पडल्या तर तिघांनाही परत बोलवीन, असा शब्द त्यांनी दिला. आवाज मोजायचं यंत्र मी जुन्या पियानोच्या दिवसांपासून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवत आले होते. ते टेबल तुमचं. तुम्ही जेवत होतात, म्हणून विचारलं नाही.

तिघं वाजवत असताना टाळ्या : ६४ डेसिबल. मामा एकटा बसलेला असताना : ६४. कोट : ६६.