बिघाड वरच्या मजल्यावर

तारमास्तरांचं एक ठाम मत होतं: बिघाड नेहमी वरच्या मजल्यावर असतो. ऑफिसच्या नेटवर्कचा खालचा स्विच त्यांनी स्वतः बसवला होता, तेव्हा तिथे बघायचं कारणच काय?

त्या दिवशी चार वाजता लेकीचं नाटक होतं. ती झाड झाली होती. मागची दोन नाटकं मास्तरांनी चुकवली होती, म्हणून बायकोने बजावलं होतं, "या वेळी आला नाहीत तर ती बोलायची नाही तुमच्याशी. आणि मीही." परस्पर पळता यावं म्हणून मास्तरांनी अवजारांची बॅग कपाटात न ठेवता स्विचजवळच्या खिळ्यालाच अडकवली.

आणि नेमक्या त्याच दिवशी दोन मजल्यांमधल्या फायबरच्या तारेवर एरर येऊ लागल्या. मोठे साहेब म्हणाले, "एरर थांबल्या की खुशाल जा. त्याआधी नाही."

मास्तर बॅग घेऊन वर गेले. वरच्या बाई म्हणाल्या, "अहो, आत्ता तर झकास चाललंय!"

तरी मास्तरांनी फायबरचं टोक पुसलं, खाली येऊन बॅग खिळ्याला लावली. पडद्यावर चाळीस एरर.

पुन्हा बॅग, पुन्हा जिना. वर सगळं आलबेल. टोकाचं मॉड्यूल बदलून खाली आले, तर नव्वद! तिसऱ्या खेपेला त्यांनी वरचा अख्खा स्विचच बदलला.

"मास्तर, तुमचा पायगुणच चांगला," बाई म्हणाल्या. "तुम्ही आलात की चालतं, गेलात की बोंबलतं."

खाली दोनशे.

साडेतीनला बायकोचा फोन आला. "झाडाने तीनदा विचारलं, बाबा आला का म्हणून."

"खड्ड्यात गेला तो स्विच!" म्हणत मास्तरांनी बॅग ओढली आणि दार गाठलं. तोच साहेबांचा फोन. "शाबास! थांबल्या एरर. काय केलंत?"

मास्तर वळले. वर जाणाऱ्या फायबरच्या जास्तीच्या लांबीचं वेटोळं त्यांनीच त्या खिळ्यावर टांगलं होतं. इतका वेळ ते बॅगेच्या पट्ट्याखाली चेंगरत होतं. काचेच्या तारेतून उजेड पळतो, ती दाबली की तो वाटेतच सांडतो, हे मास्तर नव्या माणसांना घोकून घेत. भिंतीवर, आत्तापर्यंत बॅगेआड गेलेली, त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'या खिळ्याला काहीही अडकवू नये. हुकमावरून.'

"मास्तर? ऐकताय ना?"

"मूळ कारण सापडलं साहेब," मास्तर म्हणाले. "घरीच घेऊन चाललोय."

मास्तर पहिल्या रांगेत पोचले तेव्हा झाड रंगमंचावर उभं होतं. बाबाला बघून ते हललंसुद्धा, हलायचं नव्हतं तरी. मास्तरांना भरून आलं. बॅग मांडीवर घट्ट धरून ते बघत राहिले. तेवढ्यात नाटकातला एक वाटसरू आला आणि त्याने आपली पिशवी झाडाच्या फांदीला अडकवली.

"अरे, तिथे अडकवू नकोस!" मास्तर ताडकन उभे राहून ओरडले. सगळं सभागृह हसलं. वाटसरू पिशवी घेऊन पळाला तो परत आलाच नाही.

लेक बोलली मात्र. घरी जाताना म्हणाली, "बाबा, पुढच्या नाटकाला तू कामावरच थांब."