धुराची सुट्टी

डॉ. मुटिंटा हाचिपुका सकाळी साडेसातला सिमेंट कारखान्याच्या फाटकातून आत शिरली आणि जागीच थांबली. आंब्यावरचे पक्षी ऐकू येत होते. सहा वर्षं ती एन्डोला शहरातल्या या कारखान्यात येत होती. इथे पक्षी असतात हे तिला आजच कळलं.

"भट्टीला काय झालं?" तिने व्यवस्थापक सिकाझ्वे यांना विचारलं.

"कुठे काय? परवाच बंद केली. उपमंत्री पांढरा सूट घालून येणार आहेत. मागच्या खेपेचे पाहुणे आले काळ्या सुटात आणि गेले करड्या."

"पण साहेब, धूरच नसेल तर मी करून काय दाखवू?"

"धूर कमी करायलाच तुमचं यंत्र ना, मॅडम? आम्ही आपली थोडी मदत केली."

मुटिंटाने सहा वर्षं खपून एक काळी पूड तयार केली होती. तिचे कण इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत. भट्टीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनच्या जोडीने यंत्रात भरलेल्या या पुडीवरून नेला, की नळीच्या दुसऱ्या टोकाला थेंब थेंब मेथेनॉल, म्हणजे जाळता येईल असं इंधन, पडायचं. विद्यापीठाने तिला शेवटची संधी दिली होती. उपमंत्र्यांना पसंत पडलं तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेत परीक्षेची बाकं ठेवायची. बाकं व्हरांड्यात येऊन पडलीसुद्धा होती.

"भट्टी आत्ता पेटवली तर?"

"तापायला दीड दिवस. उपमंत्री दहाला येतील."

मुटिंटाने घड्याळ पाहिलं. तिचा तंत्रज्ञ कापेम्ब्वा डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, जळणारं काहीही चालेल ना आपल्याला? फाटकावर बायका कणसं भाजतात. त्यांच्या शेगड्या आणू."

दुसरा उपाय सुचत नव्हता. कणीसवाल्यांची म्होरकी बाना चिलेशे, म्हणजे चिलेशेची आई, कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "शेगड्या नेतेस तर ने बाळा. पण कणसं शेगडीवरून उतरणार नाहीत. आणि शेगडीबरोबर मी येणार."

अशा रीतीने सहा शेगड्या, सहा बायका आणि तीन टोपल्या कणसं यंत्राच्या तोंडाशी येऊन बसली. शेगड्यांवर कापेम्ब्वाने पत्र्याचा शंकू धरला. आत जाणाऱ्या वायूचा मीटर जेमतेम हलला, पण हलला. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी नळीच्या टोकाला एक थेंब लोंबकळला आणि बाटलीत पडला. मुटिंटाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात धुराचाही वाटा होता.

दहा वाजले. मग अकरा, मग बारा. उपमंत्र्यांचा पत्ता नव्हता. कोळसा संपत आला. बायकांनी कणसं कारखान्यातल्याच लोकांना विकून टाकली आणि धंदा बरा झाला म्हणून त्या खूश होत्या. एक वाजता सिकाझ्वे धावत आले.

"गाड्या वळणावर आल्यात. हा धूर कसला? सकाळपासून अंगण धुऊन घेतलंय मी."

"साहेब, दहाच मिनिटं राहू द्या."

पण त्यांच्या माणसांनी बादल्या ओतल्यासुद्धा होत्या. शेगड्या चर्र करून विझल्या. बाना चिलेशे सिकाझ्वेंना जे बोलली, ते नंतर कापेम्ब्वानेही कुणाला सांगितलं नाही.

उपमंत्री आले. यंत्राच्या मागच्या बाजूच्या मीटरवर मोठ्या लाल आकड्यांत शून्य दिसत होतं.

"हे काय दाखवतं?" त्यांनी विचारलं.

"बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती टक्के आहे ते," मुटिंटा म्हणाली. "पण साहेब—"

"शून्य टक्के?" उपमंत्री थक्क झाले. बरोबरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, आत काही जातच नाहीये. भट्टी बंद आहे. खरं सांगायचं तर हे यंत्र आत्ता काहीच करत नाहीये."

उपमंत्र्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शास्त्रज्ञ माणसं नेहमी अशीच बोलतात. माझे सासरे शास्त्राचे शिक्षक होते. आयुष्यभर म्हणाले, मला काही येत नाही." मग ते सिकाझ्वेंकडे वळले. "असा स्वच्छ कारखाना मी देशात पाहिला नाही. हे कागदावर आलं पाहिजे."

आणि आलंही.

पुढच्या मंगळवारी भट्टी पूर्ण तापली. अंगण, आंबा, पक्षी, सगळं करडं झालं. यंत्र प्रथमच पोटभर धूर खात होतं आणि थेंबांची धार लागली होती. बघायला मुटिंटा आणि कापेम्ब्वा दोघंच होती. तेवढ्यात कारखान्याचा फिटर मुसोंडा पाना घेऊन आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"मॅडम, हे यंत्र खोलून न्यायला सांगितलंय."

"का?"

"कारखान्याला प्रमाणपत्र मिळालंय. इथे धूर नाही म्हणून. मग यंत्र कशाला, असं सिकाझ्वे साहेब म्हणाले." त्याने खोकत तोंडावर रुमाल धरला. मग काचेच्या नळीतून पडणारी धार पाहिली. "हे काय पडतंय?"

"तुमचा धूर," मुटिंटा म्हणाली.

मुसोंडाने बूड टेकायला एक पोतं ओढून घेतलं आणि पाना मांडीवर ठेवला.

"बाटली भरू द्या," तो म्हणाला. "मला यंत्र दिसायला उशीर लागला म्हणून सांगेन. इथे धूर फार आहे."